हाराला जागा नसलेली गाडी

मुळशीला लोक धरण बघायला जातात, ताम्हिणीत भिजायला जातात, गेला बाजार कुणाच्या तरी फार्महाऊसवर चुलीवरचं मटण खायला जातात. मी गेले ती वजन म्हणून. परत आल्यापासून आमच्या शिवणवर्गातल्या बायका विचारतात, ताई, मुळशीत काय पाहिलं? मी ‘बंपर’ म्हटलं की त्यांना वाटतं, मी थट्टा करतेय. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते.

माझी भाची मृण्मयी हिंजवडीला एका मोटार कंपनीत आहे. गाडीचं तोंड कसं दिसावं, म्हणजे बंपर, जाळी, दिव्यांच्या खोबणी, हे ती काढते. कार्तिकात तिचा अकोल्याला फोन आला.

“आत्या, चार दिवस येतेस? कोळवणला राहू. भात कापणीला आलाय, तुला बघायला आवडेल.”

“आणि तुझं ऑफिस?”

“ऑफिसच्याच गाडीतून जायचंय. चाचणीची गाडी आहे. मागच्या सीटवर बसायला माणूस कमी पडतंय.” मग जरा घुटमळून म्हणाली, “म्हणजे जरा भरलेलं माणूस हवंय.”

मी फोन ठेवून दिला. थोड्या वेळानं मीच लावला, कारण उत्सुकता स्वस्थ बसू देईना. झालं होतं असं. गाडी रिकामी असली की बंपर जमिनीपासून बऱ्यापैकी वर असतो. माणसं आणि सामान भरलं की तो खाली बसतो आणि गतिरोधकाला घासतो. म्हणून चाचणीत गाडी भरून चालवतात. एरवी वाळूची पोती ठेवतात, पण या खेपेला परदेशातल्या मुख्य कचेरीतून ज्या बाई येणार होत्या त्यांना पोती नको होती, हाडामांसाची माणसं हवी होती. आणि मागं बसणारा सहकारी नेमका तापानं आडवा झाला होता. मृण्मयीनं वरून परवानगी काढून माझं नाव सुचवलं. माझं वजन इथं लिहीत नाही, कामापुरतं आहे एवढं समजा.

मी हसण्यावारी नेत असले तरी पोरीचं सगळं पणाला लागलं होतं. ही गाडी बऱ्याच देशांत विकायची आहे. मुख्य कचेरीचं म्हणणं, सगळ्या देशांना एकच बंपर लावा. मृण्मयीचं म्हणणं, इथल्या गाडीला इथला बंपर हवा. दोन वर्षं खपून तिनं तो मातीत घडवलाही होता. गाडीचा नमुना आधी अशा खास मातीत घडवतात, हे मलाही तिथं गेल्यावरच कळलं. येणाऱ्या बाई इथले रस्ते बघून काय ते ठरवणार होत्या. त्या ‘एकच’ म्हणाल्या की मृण्मयीच्या बंपरची माती परत पिंपात जाणार आणि तिचा छोटासा गट बंद होणार. त्यातून कहर म्हणजे तो ‘एकच’ बंपर त्या बाईंनी स्वतः काढलेला होता.

हिंजवडी

अकोल्यात रस्ता अडला की निम्मे लोक गाडीतून उतरून पुढं काय झालंय ते बघायला जातात आणि येताना चार जणांशी ओळख करून येतात. हिंजवडीत लोक मांडीवर लॅपटॉप उघडतात. कंपन्यांच्या कॅब एकीला एक लागून उभ्या, दोन्ही बाजूंना मान मोडेपर्यंत उंच इमारती, आणि कुणाच्या चेहऱ्यावर घाई म्हणून नाही. मला ती गर्दी आवडली. इतकी सगळी माणसं इतकी निवांत अडकलेली मी कुठं पाहिली नव्हती.

मृण्मयीच्या स्टुडिओत शिरताना माझ्या फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली. आत एका लाकडी घोड्यावर नुसता बंपर ठेवलेला होता, गाडीशिवाय. आमच्या शेजारचे काका रात्री कवळी काढून पेल्यात ठेवतात, तसा तो मला वाटला. मी तसं म्हटल्यावर मृण्मयीनं डोळे वटारले, कारण मागंच मुख्य कचेरीतून आलेल्या पाओलाबाई उभ्या होत्या.

पाओला इटलीच्या. पन्नाशी उलटलेली, पांढरे केस पांढरेच ठेवलेले, पायात माझ्यापेक्षा साध्या चपला. त्यांचं इंग्रजी तुटक आणि माझं त्याहून. त्यामुळं आमचं छान जमलं. जिथं शब्द संपायचे तिथं हात सुरू व्हायचे, आणि हात करून बोलण्यात इटलीची माणसं आपल्या तोडीस तोड असतात. पुढचं सगळं बोलणं अशा खिचडीत झालं, अडेल तिथं मृण्मयी दुभाषी. मी ते सरळ मराठीत लिहिते.

चाचणीच्या गाडीला पाओलांचाच बंपर बसवलेला होता. गाडीत मृण्मयी चालवायला, तिच्या शेजारी सामान, मागं पाओला आणि मी. पहिल्याच चौकात गाडी तासभर हलली नाही, तेव्हा मी विचारलं, “का गं, पण प्रत्येक देशाचा बंपर वेगळा असतोच कशाला? धडकणं सगळीकडं सारखंच की.”

“धडकणं सारखं, कायदे वेगळे,” मृण्मयी म्हणाली. “अमेरिकेत कायदा बघतो की गाडी हळूच कशाला आपटली तर दिवे फुटू नयेत, बॉनेट अडकू नये. म्हणून तिथं हनुवटी जरा पुढं काढावी लागते. युरोपात बघतात, रस्त्यावरच्या माणसाच्या पायाला लागलं तर पाय मोडू नये. म्हणून तिथं बंपरच्या आत मऊ गादी. अमेरिकेत कोपऱ्यांना नारिंगी दिवे लागतात, इतरत्र नसले तरी चालतं. युरोपात नंबरप्लेट लांबट पट्टीसारखी, अमेरिकेत बुटकी. प्लेटचा आकार बदलला की तिची जागा बदलते, आणि तोंडाच्या मधोमधचीच जागा बदलली की सगळा चेहरा बदलतो.”

“आणि आपल्याकडं?”

“आपल्याकडं छोट्या गाडीची लांबी चार मीटरच्या आत असली तर कर कमी. म्हणून कित्येक गाड्यांचा मागचा बंपर कापून सपाट केलेला असतो.”

त्या क्षणापासून मी समोर अडकलेल्या प्रत्येक गाडीची पाठ बघायला लागले. खरंच कापलेल्या होत्या हो! काही तर अशा, की कापड कमी पडलं म्हणून शिंप्यानं मागची बाजू आखूड ठेवावी. इतकी वर्षं डोळ्यांसमोर असून मला दिसलं नव्हतं, आणि आता दिसायचं थांबेना.

पाओला म्हणाल्या, “आमच्या गावात गाडी लावताना आधी मागच्या गाडीला हळूच टेकवायची, मग पुढच्या गाडीला हळूच टेकवायची. म्हणजे जागा किती आहे ते कळतं. बंपर त्यासाठीच असतो.”

“आमच्याकडं टेकवून बघा,” मी म्हटलं, “कॉलर धरतील.”

यावर पाओलांनी मृण्मयीकडून कॉलर म्हणजे काय ते समजून घेतलं आणि खिडकीतून कितीतरी वेळ इथल्या गाड्यांमधली अंतरं बघत बसल्या. मग म्हणाल्या, कॉलर धरतात तरी तुम्ही इतक्या जवळून गाड्या चालवता, याचं मला फार कौतुक वाटतं.

पिरंगुट

पिरंगुटला कारखाने आणि बाजार एकाच रस्त्याला लागून आहेत. पाळी सुटलेले कामगार, भाजीवाल्या, पुण्याहून येणाऱ्या बसगाड्या आणि हे सगळं जिथं एकत्र येतं तिथं बरोबर एक गतिरोधक. आमची गाडी त्यावरून गेली तेव्हा खालून खर्रर्र आवाज आला. मृण्मयीनं आरशातून पाओलांकडं पाहिलं. पाओलांनी गाडी मागं घ्यायला सांगितली, मला खाली उतरवलं, आणि पुन्हा जायला सांगितलं. आवाज आला नाही. मला पुन्हा बसवलं. आवाज आला. भाजीवाल्या हे सगळं बघत होत्या. तिसऱ्यांदा मी उतरले तेव्हा एकजण म्हणाली, “मावशी, तुमी चालतच या, गाडीचं भलं हुईल.” मला हसू आवरेना. पाओलांना सांगितलं तर त्यांनाही आवरेना, आणि मृण्मयीनं हुश्श केलं, कारण तिचा पहिला मुद्दा त्या खर्रर्रनं परस्पर मांडला होता.

पुढं एका टपरीवजा गॅरेजमध्ये फुटलेले बंपर टांगलेले दिसले म्हणून थांबलो. उत्तर प्रदेशातून आलेला राजेंदर नावाचा कारागीर एका भेगेवर तापलेल्या तारेचे टाके घालत होता. टाके! मी तर तिथंच बसकण मारली. तार लाल होते, प्लॅस्टिकमध्ये रुतते, थंड झाली की पकडते, मग वरून लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंग. आमच्या वर्गातल्या मुलींना आडवी टीप घालायला शिकवताना मी किती घसा कोरडा करते, आणि हा माणूस बंपरला ती सरळ घालत होता.

“नये से जादा मजबूत, मैडम,” राजेंदर छाती फुगवून म्हणाला.

पाओलांनी त्यावर बोटांनी जरा दाबलं आणि टाका निसटला. राजेंदर स्वतःच खो खो हसला आणि म्हणाला, “अभी गरम है.” पाओला मात्र गंभीर झाल्या होत्या. त्यांच्याकडं फुटलेला बंपर फेकून नवा लावतात. शिवलेला बंपर धडकेत कसा वागेल याचा हिशेब त्यांच्या कोणत्याच चाचणीत नव्हता. मृण्मयीनं ही संधी साधून सांगितलं, की म्हणूनच तिनं तिच्या बंपरचे कोपरे वेगळे केले आहेत, म्हणजे कोपरा फुटला की तेवढाच बदलता येईल.

“पण मग सांधा दिसतो,” पाओला म्हणाल्या. “सांधा दिसला की चेहरा बिघडतो.”

“शिवण दिसली म्हणून कपडा वाईट होत नाही,” मी मध्येच बोलले. मला मध्ये बोलायची सवय आहे. पाओलांनी माझ्या झंपरच्या खांद्याकडं बघितलं, शिवणीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “ही दिसत नाही.” स्वतःच्याच हाताच्या सफाईनं माझं तोंड बंद झालं आणि मृण्मयीचा दुसरा मुद्दा पडला.

संध्याकाळ होत आली तेव्हा पौडवरून कोळवणकडं वळलो. मी मागून मृण्मयीच्या खांद्यावर हात ठेवला तर म्हणाली, “आत्या, त्यांचा बंपर खरंच माझ्यापेक्षा सुंदर आहे. तेच मला जड जातंय.” लहानपणी ही पोर माझ्या बेतण्याच्या कागदांवर मोटारी काढायची, तेव्हाही दुसऱ्याचं चित्र चांगलं असलं की असंच मनाला लावून घ्यायची.

कोळवण

कोळवणचं खोरं सकाळी पाहावं. धुकं वर सरकायला लागलं की आधी डोंगराचा पाय दिसतो, मग पिवळी खाचरं, मग कापणीला वाकलेली माणसं. आम्ही ज्वारी-कपाशीची माणसं, आम्हाला शेत म्हणजे काळं आणि सपाट. इथं शेताला पायऱ्या. आणि वास! आंबेमोहोराच्या खाचराजवळून जाताना भूक नसतानाही भूक लागते.

आम्ही उतरलो होतो सुमनकाकूंकडं. पिढ्यान् पिढ्या इथंच शेती, आता घराच्या वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात. शेजारी एका शहरातल्या माणसाचा टोलेजंग बंगला होता. “त्यो?” काकू म्हणाल्या, “जिमीन आमचीच व्हती, दिली. बारा म्हैने कुलूप. झाडांना पानी आमीच घालतुया, जीव ऱ्हात न्हाई.” काकूंच्या बोलण्यात लपवाछपवी नाही. पहिल्याच भेटीत त्यांनी पाओलांना विचारलं, “तुमी केसांला काळं का लावत न्हाई?” आणि मृण्मयीनं ते भाषांतर करायचं टाळलं.

रात्री तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी, कुळथाचं पिठलं आणि नव्या तांदळाचा भात. आमच्या ज्वारीच्या भाकरीचा मला अभिमान आहे, पण ती भाकरी तोंडात ठेवली आणि मी अभिमान जरा बाजूला ठेवला. पाओलांनी भात हातानं खाल्ला आणि तांदळाचा वास घेत राहिल्या. त्यांच्या भागातही भात पिकतो म्हणे. काकू आणि पाओला दोघी भाताच्या चिखलावर बोलायला लागल्या, तेव्हा मृण्मयीची भाषांतर करता करता तारांबळ उडाली.

सकाळी मी उठून खाली आले तर काकू गाडीसमोर ताट घेऊन उभ्या.

“नवी कोरी गाडी दारात आली अन् तशीच हुबी ऱ्हाऊ द्यायची व्हय?” त्या म्हणाल्या. “तुमी लोकांनी पूजा केलेली दिसत न्हाई.”

खरंच केलेली नव्हती. कंपनीची गाडी, चाचणीची, कोण पूजा करणार? मलाही चुटपुट लागली. काकूंनी चाकांवर पाणी घातलं, हळदकुंकू वाहिलं. मग स्वस्तिक काढायला जागा शोधायला लागल्या. पाओलांचा बंपर सगळीकडून वळणावळणाचा, फक्त मधोमध एक गुळगुळीत, सपाट, काळी पाटी होती.

“ह्यो बगा, पाटच ठिवलाय की टिळ्यासाठी,” काकू खूश झाल्या आणि त्यांनी त्या काळ्या पाटीवर हळदकुंकवाचं ओलं, ठसठशीत स्वस्तिक काढलं. लाल-पिवळं त्या काळ्यावर असं उठून दिसलं की मी टाळी वाजवली.

अडचण आली ती हाराची. परसातल्या झेंडूंचा चांगला मनगटाएवढा हार केला होता, त्यात आंब्याची पानं, मधोमध लिंबू-मिरची. पण बांधायचा कुठं? जुन्या गाड्यांना जाळी असायची, जाळीत दोरा ओवला की झालं. याला जाळी म्हणून नाहीच, सगळं बंद. काकू इकडून तिकडून बघून दमल्या. मग मी पुढं झाले. शिवणवर्ग चालवते म्हटलं, गंमत आहे का? कोपऱ्यातल्या हवा जायच्या फटीतून दोरा आत घातला, दुसऱ्या बाजूनं तसाच, आणि मध्ये दोन ठिकाणी असा ताणून बसवला की हार त्या काळ्या पाटीवर नीट कमानीसारखा आला. काकू म्हणाल्या, “लई झ्याक!” मृण्मयी आणि पाओला वरून येईपर्यंत नारळही फुटला होता. मृण्मयीला उशीर होत होता. तिनं हार बघितला, हसली, पाया पडली आणि गाडी काढली.

धरणाच्या बाजूला जायचं होतं. गाव मागं पडलं, रस्ता मोकळा मिळाला, आणि गाडी टणटण करायला लागली. काचेखालच्या पडद्यावर लाल अक्षरं उमटली, समोर अडथळा आहे. समोर काहीच नव्हतं. मृण्मयीनं थोडं पुढं नेली आणि गाडीनं आपोआप खाडकन ब्रेक मारला. माझं कपाळ पुढच्या सीटला आपटलं. पुन्हा चालू केली, पुन्हा तेच. मोकळा रस्ता, ऊन, पाखरं, आणि आमची गाडी नसलेल्या अडथळ्यापुढं ठाण मांडून बसलेली.

मृण्मयीचा चेहरा पांढराफटक पडला. ज्यांनी गाडीचा निकाल लावायचा त्याच मागं बसलेल्या. तिनं खाली उतरून सगळीकडं पाहिलं, फोन केले, गाडी बंद करून चालू केली. पाओलाही उतरून चाकांखाली वाकल्या. तेवढ्यात वळणावरून शेळ्यांचा कळप आला, मागं एक बाई, डोक्यावर गवताचा भारा.

“गाडी मधीच का हुबी केली?” तिनं विचारलं.

“ती स्वतःच उभी राहिली,” मी म्हटलं.

“बया!” ती म्हणाली, आणि थांबली, कारण तिच्या शेळ्या थांबल्या होत्या. त्यांना झेंडू दिसला होता. एक काळी शेळी पुढचे पाय बंपरवर टेकून उभी राहिली आणि तिनं हार ओढला. माझ्या हातचा हार, सहजासहजी सुटतोय थोडाच! शेळीनं मुंडी हलवून हलवून ओढला, दुसऱ्या दोघी मदतीला आल्या, आणि बघता बघता झेंडू, पानं, सगळं फस्त. मिरची एकीनं तोंडात घेऊन थुंकली. बाई “हाड, हाड” करून काठी आपटत होती आणि मी मात्र माझ्या मेहनतीकडं बघत हळहळत होते.

आणि टणटण थांबली. पडद्यावरची लाल अक्षरं गेली.

मृण्मयी बंपरजवळ गुडघ्यांवर बसली. त्या काळ्या पाटीवर तिनं बोट ठेवलं, ओलं कुंकू पुसलं आणि डोळे मिटले. मग पाओलांना समजावून सांगितलं. ती पाटी टिळ्यासाठी नव्हती. तिच्यामागं गाडीचा डोळा होता, पुढं कोण आहे ते ओळखून ब्रेक मारणारं यंत्र. ओल्या फुलांचा जाडजूड हार नेमका त्या डोळ्यावर लोंबत होता, म्हणून गाडीला वाटत होतं की समोर कुणीतरी उभं आहे.

पाओलांनी विचारलं, “असा हार किती लोक बांधतात?”

“सगळे,” मृण्मयी म्हणाली. “नवी गाडी घेतली की बांधतात. दसऱ्याला तर रस्त्यावरची प्रत्येक गाडी.”

मला आनंदाच्या उकळ्या फुटायला लागल्या. याहून मोठा मुद्दा कुठं मिळणार होता? गतिरोधक नाही, सांधा नाही, या देशातल्या प्रत्येक गाडीला वर्षातून एकदा तरी हार घालतात आणि पाओलाबाईंचा एकच बंपर त्या दिवशी आंधळा होणार! मी मृण्मयीला कोपरानं ढोसलं. “आता बोल, तुझ्या बंपरचं बोल.”

ती उठली, हात झटकले आणि पाओलांना म्हणाली, “माझ्या बंपरमध्येही डोळा इथंच आहे. मधोमध. मी रस्त्यांचा विचार केला, प्लेटचा केला, दुरुस्तीचा केला. मी दर दसऱ्याला गाडीला हार घालते, पण चित्र काढताना तो मला आठवला नाही.”

मला तिचा भयंकर राग आला. कुणी विचारलं होतं का? तिचा बंपर मातीचा, तिकडं स्टुडिओत, त्याला कोण हार घालून बघणार होतं? धरण येईपर्यंत मी खिडकीबाहेर तोंड करून बसले. धरण फार सुंदर होतं, निळंशार पाणी आणि पाण्यात उतरलेले डोंगर, पण मला त्याच्यावरही राग येत होता. मृण्मयी मात्र काठावर उभी राहून पाणी बघत होती आणि तिचा चेहरा दोन दिवसांत पहिल्यांदा सैल झालेला दिसला. ते बघून माझाही राग ओसरला. पोर खरं बोलून मोकळी झाली होती, आता जे होईल ते होईल.

पाओलांनी तिथं फारसं काही पाहिलंच नाही. त्यांना परत काकूंकडं जायचं होतं.

“पुन्हा पूजा करून दाखवा म्हणतायत,” मृण्मयीनं काकूंना सांगितलं.

“पूजा येकदाच,” काकू म्हणाल्या. “झाली ती झाली. उतरवून परत करत्यात व्हय?”

पाओला ऐकेनात, काकू मानेनात. शेवटी काकूंनीच तोड काढली. दारात ट्रॅक्टर उभा होता, भात वाहून झाल्यावर त्याला हार घालायचाच होता, तो आज घालू. पाओला ट्रॅक्टरसमोर उकिडव्या बसल्या आणि काकूंचा हात कुठं कुठं जातो ते बघत राहिल्या. आधी कपाळ शोधतो, बरोबर मध्ये. मग दोन्ही बाजूंना दोरा अडकवायला काहीतरी शोधतो. लिंबू-मिरची नेहमी खाली लोंबती. काकूंनी एकदा हार घातला, पाओलांनी विनवून तो काढून मला घालायला लावला, मग मृण्मयीला. तिघींचे हात नेमके त्याच जागी गेले. पाओला मान हलवत होत्या आणि स्वतःशीच इटालियनमध्ये काहीतरी पुटपुटत होत्या. कौतुकाचं होतं की वैतागाचं, कळायला मार्ग नव्हता.

दिवे लागायच्या वेळी आम्ही अंगणात बसलो. पाओला मृण्मयीसमोर येऊन बसल्या.

“तुझा बंपर मला मान्य नाही,” त्या म्हणाल्या.

मृण्मयीनं मान खाली घातली.

“माझाही नाही,” पाओला पुढं म्हणाल्या. “दोघींचेही आंधळे आहेत. डोळा खाली ने, नाहीतर बाजूला ने. मध्ये कपाळ मोकळं ठेव. दोन्ही कडांना दोरा अडकेल असं काहीतरी दे, दिसायला सुंदर दे. आणि तो सांधा, कोपऱ्याचा. असू दे. पण शिवण तुझ्या आत्याच्या हातची वाटली पाहिजे. नव्यानं कर, फक्त इथल्यासाठी. एकच बंपर पुरणार नाही, हे मी उद्या कळवते.”

मृण्मयीनं आधी माझ्याकडं पाहिलं, बरोबर ऐकलं का म्हणून. मग तिनं पाओलांना मिठी मारली आणि रडायलाच लागली. मीही रडले. मला लपवता येत नाही, आणि लपवावं असं काही नव्हतंही. माझ्या पोरीचं काम टिकलं होतं, आणि आता ती ते पहिल्यापेक्षा चांगलं करणार होती.

काकूंना काही समजेना. त्या चुलीपासून उठून आल्या. “काय झालं? कुनी गेलं का?”

“नाही हो काकू,” मी डोळे पुसत म्हटलं, “आता इथल्या गाड्यांचं तोंड इथल्या माणसांसाठी वेगळं करणार आहेत. हार घालता येईल असं.”

काकूंनी पदराला हात पुसले आणि पाओलांकडं बघून विचारलं, “मंग आत्तापत्तुर कुनासाठी करत व्हता?”

मृण्मयी भाषांतर टाळायला बघत होती. पण पाओलांनी आग्रह धरला, तेव्हा तिला सांगावं लागलं. पाओलांनी ट्रॅक्टरवरच्या हाराकडं बघितलं. मग म्हणाल्या, “आमच्यासाठी.”

मृण्मयीनं तेही काकूंना सांगितलं. काकूंनी ते ऐकून घेतलं, पाओलांसमोर पाट सरकवला आणि म्हणाल्या, “आता ठावं झालं न्हवं? बसा मंग. खेकड्यांचा रस्सा निवतोय.”